तापलेला रेग्युलेटर बदलण्यापूर्वी

ऑसिलोस्कोप किंवा सिग्नल जनरेटरच्या पॉवर सप्लायमधील रेग्युलेटर (आउटपुट व्होल्टेज स्थिर ठेवणारा भाग) हात लावता येणार नाही इतका तापत असेल, तर तो लगेच बदलू नये; अनेकदा दोष तो ज्या सर्किटला वीज पुरवतो त्यात असतो. लिनियर रेग्युलेटरमधील (जो जास्तीचे व्होल्टेज उष्णतेच्या रूपात घालवतो) उष्णता म्हणजे इनपुट आणि आउटपुट व्होल्टेजमधील फरक गुणिले प्रवाह, त्यामुळे १२ व्होल्टवरून ५ व्होल्ट देताना अर्धा अँपिअर प्रवाह वाहत असेल, तर साडेतीन वॅट उष्णता निर्माण होणारच आणि हीटसिंकशिवाय (उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या तुकड्याशिवाय) ती झेपणार नाही. म्हणून प्रथम दोन्ही व्होल्टेज व प्रवाह मोजून हा हिशेब करावा.

प्रवाह सर्व्हिस मॅन्युअलमधील आकड्यापेक्षा जास्त आढळल्यास यंत्र बंद करून, मुख्य कपॅसिटर रेझिस्टरमधून डिस्चार्ज झाल्याची मीटरने खात्री करून, एकेक बोर्ड सोडवत जावे आणि कोणता सोडवल्यावर प्रवाह कमी होतो ते पाहावे. जुन्या यंत्रांत शॉर्ट झालेला टँटलम कपॅसिटर हा नेहमीचा संशयित असतो. मात्र स्विचिंग सप्लाय (प्रवाह वेगाने चालू-बंद करून व्होल्टेज बदलणारा) सर्व बोर्ड सोडवून पूर्णपणे भाराविना चालवू नये, काही सप्लाय त्याने बिघडतात. प्रवाह योग्य असेल, तर रेग्युलेटर व हीटसिंक यांमधली वाळलेली थर्मल पेस्ट (उष्णता वाहून नेणारा लेप), सैल स्क्रू आणि धुळीने अडलेला पंखा तपासावा.