परराष्ट्र धोरण आणि मानवी हक्कांवर मंत्र्यांना सभागृहात प्रश्न कसा विचारावा

लोकप्रतिनिधी परराष्ट्रमंत्र्यांना विचारतो, "अमुक देशातील मानवी हक्कांच्या परिस्थितीबद्दल सरकारला चिंता वाटते काय, आणि सरकार त्याबाबत कोणती पावले उचलत आहे?" उत्तर येते, "सरकार परिस्थितीवर बारकाईने लक्ष ठेवून आहे आणि योग्य त्या स्तरावर हा विषय उपस्थित करत असते." या उत्तरात खोटे काही नसते, पण हाती लागण्यासारखेही काही नसते. मंत्र्यांना दोष देण्याआधी प्रश्न पुन्हा वाचावा. त्यात सरकारच्या मनात काय आहे हे विचारले आहे, सरकारने काय केले हे विचारलेले नाही. परदेशातील तुरुंगात कोणी अडकलेले असताना, किंवा आपल्या देशाने विकलेली शस्त्रे कोणाच्या वस्तीवर वापरली जात असताना, असा प्रश्न वाया जाणे फार महाग पडते. नव्या लोकप्रतिनिधींना, त्यांच्या साहाय्यकांना आणि आपला विषय प्रतिनिधीकडे घेऊन जाणाऱ्या नागरिकांना उपयोगी पडेल अशी कामाची रीत पुढे दिली आहे.

आधी साधन आणि मंत्रालय ठरवा

तोंडी उत्तराचा प्रश्न आणि लेखी उत्तराचा प्रश्न यांची कामे वेगळी आहेत. भारताच्या संसदेत तारांकित प्रश्नावर मंत्री सभागृहात उत्तर देतात आणि त्यावर पुरवणी प्रश्न विचारता येतात. अतारांकित प्रश्नाचे उत्तर लेखी येते. आकडे, तारखा आणि याद्या लेखी प्रश्नातून मागाव्यात, कारणे आणि जबाबदारी मात्र तोंडी विचारावी, असा साधा नियम पाळला तर बरीच निराशा टळते. तोंडी प्रश्नात आकडेवारी मागितली की मंत्री कागद वाचून दाखवतात आणि तेवढ्यात वेळ संपतो.

इतर देशांतही हीच विभागणी वेगवेगळ्या रूपात आढळते. जर्मनीच्या संसदेत एखादा पक्षगट किंवा किमान ५ टक्के सदस्य मिळून 'छोटी पृच्छा' दाखल करतात, तीत एकाच विषयावर अनेक उपप्रश्न असू शकतात आणि सरकारने १४ दिवसांत उत्तर द्यावे अशी अपेक्षा असते. युरोपीय संसदेत साध्या लेखी प्रश्नाच्या उत्तरासाठी ६ आठवडे आणि अग्रक्रमाच्या प्रश्नासाठी ३ आठवडे ठरलेले आहेत. ब्रिटनमध्ये एखादी घटना ताजी असेल तर सदस्य सभाध्यक्षांकडे तातडीच्या प्रश्नाची परवानगी मागतो, आणि ती मिळाली तर मंत्र्यांना त्याच दिवशी सभागृहात यावे लागते. अमेरिकेत परराष्ट्रमंत्री काँग्रेसचे सदस्य नसल्यामुळे खरी विचारणा समितीच्या सुनावणीत होते, आणि तिथे राहून गेलेले प्रश्न नंतर लेखी पाठवून त्यांची उत्तरे अभिलेखात घेतली जातात.

मंत्रालयाची निवडही विचारपूर्वक करावी. विषय परदेशाचा असला म्हणजे प्रश्न परराष्ट्र मंत्रालयाकडेच जावा असे नाही. शस्त्रनिर्यातीचा परवाना वाणिज्य किंवा संरक्षण खात्याच्या अखत्यारीत असू शकतो, आश्रय मागणाऱ्यांचा विषय गृह खात्याकडे असतो, सक्तीच्या मजुरीतून बनलेल्या मालाची आयात व्यापार किंवा सीमाशुल्क खात्याकडे असते. चुकीच्या दारावर ठोठावल्यास "हा विषय अन्य मंत्रालयाशी संबंधित आहे" एवढेच उत्तर मिळते आणि हातातले अधिवेशन निघून जाते.

जे आधीच उघड आहे ते विचारू नका

प्रश्न लिहिण्यापूर्वी किमान चार गोष्टी पाहाव्यात. त्या देशाने कोणत्या मानवी हक्क करारांवर स्वाक्षरी केली आणि कोणत्या करारांना अनुसमर्थन दिले, म्हणजे ते स्वतःवर बंधनकारक करून घेतले. संयुक्त राष्ट्रांच्या ४७ सदस्यीय मानवी हक्क परिषदेत आपल्या सरकारने संबंधित ठरावावर कसे मत दिले. ही परिषद प्रत्येक देशाच्या मानवी हक्कांच्या परिस्थितीचा जो नियतकालिक आढावा घेते, त्यात त्या देशाला आपल्या प्रतिनिधीने कोणत्या शिफारशी केल्या. आणि संयुक्त राष्ट्रांच्या विशेष प्रतिवेदकांनी, म्हणजे परिषदेने नेमलेल्या स्वतंत्र तज्ज्ञांनी, त्या प्रकरणी पत्र पाठवले होते काय. ही पत्रे साधारण ६० दिवसांनंतर सार्वजनिक होतात, आणि एखाद्या बंदिवानाची अटकेची तारीख, आरोपाचे कलम, वकिलाची भेट नाकारल्याचा तपशील अशा गोष्टी त्यांत अनेकदा नेमकेपणाने सापडतात.

ही नोंद हाती असली की प्रश्नाला बूड मिळते. मानवी हक्क परिषदेत श्रीलंकेवरील ठरावाच्या बाजूने भारताने मार्च २०१२ आणि मार्च २०१३ मध्ये मत दिले, मार्च २०१४ मध्ये मात्र तटस्थ राहणे पसंत केले. "श्रीलंकेबाबत सरकारचे धोरण काय" असे विचारणाऱ्याला सर्वसाधारण निवेदन मिळते. या तिन्ही मतदानांचा उल्लेख करून "आधीच्या दोन ठरावांच्या तुलनेत २०१४ च्या ठरावातील कोणत्या परिच्छेदामुळे भूमिका बदलली" असे विचारणाऱ्याला मंत्र्यांना काहीतरी नेमके सांगावेच लागते. त्याचप्रमाणे छळविरोधी करारावर भारताने १९९७ मध्ये स्वाक्षरी केली, पण अनुसमर्थन झालेले नाही. तेव्हा छळाबद्दल सरकारला काय वाटते हे विचारण्यापेक्षा अनुसमर्थनासाठी कोणता कायदेबदल अडला आहे आणि तो कोणत्या टप्प्यावर आहे हे विचारणे अधिक फलदायी ठरते.

मसुदा: विशेषण काढा, तारीख घाला

लोकसभेच्या नियमांनुसार प्रश्न १५० शब्दांपेक्षा मोठा नसावा. त्यात युक्तिवाद, अनुमान, उपरोध, आरोप, विशेषणे नसावीत. मत मागू नये. काल्पनिक परिस्थिती मांडू नये. आणि मित्रराष्ट्राचा उल्लेख अनादराने करू नये. नवख्या सदस्यांना ही बंधने जाचक वाटतात. मला ती उपकारक वाटतात, कारण 'अमानुष', 'निर्दयी', 'लज्जास्पद' हे शब्द प्रश्नातून काढून टाकले की आपल्याकडे विचारण्यासारखे नेमके काय आहे हे लख्ख दिसते. शिवाय विशेषण असले की मंत्री त्या विशेषणाशीच वाद घालतात आणि मूळ मुद्दा बाजूला पडतो.

सुरुवातीचा प्रश्न आता नव्याने लिहून पाहू. परदेशात एक पत्रकार कैदेत आहे आणि तो आपल्या देशाचा नागरिक आहे, असे धरू. मराठी प्रश्नयादीतला "हे खरे आहे काय, असल्यास, नसल्यास" हा जुना साचा इथे फार कामाचा आहे:

"(१) अमुक देशात कैदेत असलेल्या या नागरिकाला त्याच्या अटकेच्या दिनांकापासून आजपर्यंत दूतावासाच्या अधिकाऱ्यांनी किती वेळा व कोणत्या दिनांकांना भेट दिली, (२) भेटीची परवानगी नाकारली गेली असल्यास, ती कोणत्या दिनांकांना नाकारली गेली व कोणते कारण देण्यात आले, (३) हा विषय त्या देशाच्या सरकारपुढे मंत्रिस्तरावर मांडण्यात आला आहे काय, असल्यास, केव्हा, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

या मसुद्याचा प्रत्येक भाग वेगळा तपासून पाहावा. पहिल्या भागाचे उत्तर आकडा आणि तारखा यांशिवाय देता येत नाही. दुसऱ्या भागामुळे परक्या सरकारची वागणूक आपल्या सरकारच्या तोंडून अभिलेखावर येते. तिसऱ्या भागात 'मंत्रिस्तर' हा शब्द मुद्दाम घातला आहे, कारण "योग्य स्तर" या शब्दांमागे दुय्यम अधिकाऱ्याचा एखादा दूरध्वनीसुद्धा लपू शकतो. चौथा भाग नसता तर तिसऱ्याचे "नाही" एवढे उत्तर पुरले असते. राजनैतिक संवाद गोपनीय असल्याची हरकत येण्याची शक्यता ध्यानात ठेवून यात संभाषणाचा मजकूर कुठेही मागितलेला नाही. भेट कधी झाली आणि कोणत्या स्तरावर झाली हे सांगितल्याने संभाषण उघड होत नाही, असा युक्तिवाद त्यामुळे करता येतो.

शस्त्रविक्रीसारख्या विषयात प्रश्न एखाद्या कायदेशीर कसोटीला बांधावा. २०१४ मध्ये अमलात आलेला शस्त्रव्यापार करार त्यातील सदस्य देशांना निर्यातीपूर्वी गंभीर मानवी हक्क उल्लंघनाचा धोका तपासायला सांगतो. अमेरिकेतील 'लेही कायदा' घोर उल्लंघनाची विश्वसनीय माहिती असलेल्या परदेशी सुरक्षा दलाच्या तुकडीला मदत देण्यास मनाई करतो. अशा वेळी "ही विक्री योग्य आहे काय" असे विचारू नये. तपासणी झाली होती काय, कोणत्या दिनांकाला झाली आणि तिच्यानंतर परिस्थिती बदलल्यावर ती पुन्हा केली गेली काय, असे विचारावे.

नाव घेण्यापूर्वी कुटुंबाला विचारा

ही पायरी बहुतेकदा घाईत वगळली जाते आणि ती वगळण्याची किंमत प्रश्न विचारणाऱ्याला कधीच मोजावी लागत नाही. सभागृहात उच्चारलेले नाव दुसऱ्या दिवशी त्या देशाच्या दूतावासाच्या टिपणात असते. कधी त्यामुळे बंदिवानाला वैद्यकीय मदत मिळते, कधी त्याची रवानगी एकांत कोठडीत होते, आणि कधी पडद्याआड जवळजवळ ठरलेली सुटका लांबते. म्हणून कुटुंबाची आणि वकिलाची संमती घ्यावी, प्रश्नाचा मसुदा त्यांना वाचून दाखवावा, आणि साक्षीदार किंवा सहआरोपी ओळखू येईल असा एकही तपशील त्यात राहिलेला नाही याची खात्री करावी. संमती मिळाली नाही तर नावाऐवजी "त्या देशात कैदेत असलेले आपले नागरिक" असा समूहाचा प्रश्न करावा. त्याची धार थोडी कमी होते, पण कोणाच्या जिवाला घोर लागत नाही.

पुरवणी प्रश्न छोटा ठेवा

पुरवणी प्रश्नासाठी आधीच तीन शक्यता लिहून ठेवाव्यात: मंत्र्यांनी होकार दिला तर, नकार दिला तर, आणि बगल दिली तर. तिसरीच सर्वाधिक वेळा कामी येते. बगल मिळाल्यावर लांब भाषण न करता मूळ प्रश्नातला एकच भाग पुन्हा विचारावा: "मी तारीख विचारली होती, ती सांगता येईल काय?" एका दमात तीन प्रश्न विचारले तर मंत्री त्यातला सर्वांत सोपा निवडतात. पक्ष वेगळा असलेला एखादा सहकारी याच विषयावर तयार असेल तर त्याच्याशी आधी बोलून ठेवावे, कारण दोन बाकांवरून आलेला एकच प्रश्न टाळणे कठीण जाते.

उत्तर दोनदा वाचा

लेखी उत्तर आले की प्रश्नाचा प्रत्येक भाग आणि त्याचे उत्तर शेजारीशेजारी ठेवावे. चारही भागांना मिळून एकच परिच्छेद उत्तर म्हणून आला असेल, तर कोणता भाग अनुत्तरित राहिला हे त्यामुळे चटकन सापडते.

शब्दांची निवड किती महत्त्वाची असते याचा धडा ब्रिटनच्या इतिहासात आहे. इराण आणि इराकला होणाऱ्या संरक्षणविषयक निर्यातीची मार्गदर्शक तत्त्वे सरकारने १९८५ मध्ये संसदेपुढे मांडली होती. डिसेंबर १९८८ मध्ये राज्यमंत्र्यांच्या पातळीवर ती शिथिल करण्यात आली, पण संसदेला तसे सांगितले गेले नाही. सदस्य विचारत राहिले, आणि धोरण बदललेले नाही असे त्यांना कळवले जात राहिले. सरकारच्या लेखी तो बदल नव्हताच, तत्त्वांचा जरा लवचीक अर्थ लावणे होते. न्यायमूर्ती स्कॉट यांच्या चौकशीचा अहवाल फेब्रुवारी १९९६ मध्ये प्रसिद्ध झाला, त्याने संसदेची दिशाभूल झाल्याचे नोंदवले, आणि त्यावरील मतदानात सरकार ३२० विरुद्ध ३१९ अशा एका मताने तरले. पुढे मार्च १९९७ मध्ये मंत्र्यांनी संसदेला अचूक आणि सत्य माहिती दिली पाहिजे, आणि जाणूनबुजून दिशाभूल करणाऱ्याने राजीनामा देणे अपेक्षित आहे, असा ठराव झाला. प्रश्नकर्त्याने यातून घ्यायचे ते इतकेच की "धोरण बदलले काय" असे विचारू नये. दर वर्षी कोणत्या वस्तूंचे किती परवाने दिले आणि किती नाकारले हे विचारावे, कारण धोरणाचा अर्थ लवचीक करता आला तरी परवान्यांची संख्या तशी करता येत नाही.

पाठपुरावा

'माहिती गोळा केली जात असून ती सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल' हे उत्तर अनेकांना हार वाटते. भारताच्या संसदेत ते आश्वासन मानले जाते, ते साधारणपणे तीन महिन्यांत पुरे करावे लागते आणि त्यावर आश्वासन समितीची नजर असते; म्हणून त्याची तारीख वहीत नोंदवून त्या मुदतीला समितीकडे पत्र द्यावे. पुढच्या प्रश्नात आधीच्या उत्तराचा क्रमांक आणि दिनांक घालावा, म्हणजे उत्तरे एकमेकांना जोडली जातात आणि विसंगती मंत्रालयालाच आधी दिसते.

चिकाटीचे उदाहरण म्हणून ब्रिटिश सदस्य टॅम डॅलियेल यांचे काम अभ्यासण्यासारखे आहे. फॉकलंड युद्धात २ मे १९८२ रोजी ब्रिटिश पाणबुडीने अर्जेंटिनाची 'जनरल बेलग्रानो' ही युद्धनौका बुडवली आणि ३२३ जण मृत्युमुखी पडले. दोन दिवसांनी संरक्षणमंत्र्यांनी सांगितले की ती नौका ब्रिटिश ताफ्याच्या दिशेने येत होती. डॅलियेल वर्षानुवर्षे नौकेची दिशा आणि घटनाक्रम यांबद्दल विचारत राहिले. शेवटी ती हल्ल्याच्या वेळी ताफ्यापासून दूर चालली होती हे सरकारला मान्य करावे लागले. त्यांच्या प्रश्नांची उत्तरे तयार करण्याच्या कामात असलेले अधिकारी क्लाइव्ह पाँटिंग यांनी १९८४ मध्ये डॅलियेल यांना कागदपत्रे पाठवली, त्याबद्दल पाँटिंग यांच्यावर खटला चालला आणि फेब्रुवारी १९८५ मध्ये ज्युरीने त्यांना निर्दोष ठरवले.

उत्तर मिळाल्याच्या दिवशी आणखी एक काम करावे. त्याची प्रत, सोप्या भाषेतील दोन ओळींच्या खुलाशासह, ज्यांच्यासाठी प्रश्न विचारला त्या कुटुंबाला आणि त्यांच्या वकिलाला पाठवावी. दूतावासाची शेवटची भेट कोणत्या तारखेला झाली हे सरकारने लेखी मान्य केलेले असते, आणि तो कागद पुढच्या सुनावणीच्या दिवशी वकिलाच्या हातात असायला हवा.