जुन्या कारची रिमोट चावी नव्याने कशी करून घ्यावी

दहा-पंधरा वर्षं जुन्या कारची रिमोट चावी बंद पडली की आपण लगेच नव्या चावीचा भाव विचारायला जातो. खरं तर आधी घरीच थोडी तपासणी करायला हवी. पुष्कळदा नवी चावी लागतच नाही, आणि लागली तरी तिचा नेमका कुठला भाग लागतो हे कळलं की निम्मा घोळ मिटतो. सांगली-मिरज आणि सातारा-कराड भागात जुन्या गाड्या भरपूर आहेत आणि त्यातल्या कित्येक दुसऱ्या-तिसऱ्या मालकाकडे एकाच चावीसह पोचलेल्या असतात. हा लेख मुख्यतः त्यांच्यासाठी.

एका चावीत तीन वेगळ्या गोष्टी असतात. एक, धातूचं पातं. दार आणि स्टेअरिंगचं कुलूप फिरवणं एवढंच त्याचं काम. दोन, इमोबिलायझरची, म्हणजे अनोळखी चावीने इंजिन चालू न देणाऱ्या यंत्रणेची चिप. ही चावीच्या प्लॅस्टिकच्या डोक्यात असते आणि तिला सेल लागत नाही. इग्निशनच्या कुलपाभोवती तारेचं एक कडं असतं. चावी ऑन केली की त्या कड्यातूनच चिपला वीज मिळते, चिप आपला क्रमांक सांगते, आणि तो ओळखीचा असेल तरच गाडीचा कॉम्प्युटर इंजिन सुरू राहू देतो. मारुतीच्या गाड्यांत याच यंत्रणेला आयकॅट्स म्हणतात. तीन, रिमोटचं सर्किट. बटण दाबल्यावर दारं उघडतात-मिटतात ती यामुळे, आणि सेल लागतो तो फक्त याला.

म्हणून बटणं चालत नाहीत पण गाडी सुरू होते, तर बिघाड रिमोटमध्ये आहे आणि चिप ठीक आहे. बटणं चालतात, पण सेल्फ मारला की गाडी सुरू होऊन एक-दोन सेकंदांत बंद पडते किंवा मीटरवर चावीचं चित्र लुकलुकत राहतं, तर संशय चिपवर. पातं झिजलं असेल तर कुलूप अडकत फिरतं. हे तिन्ही दोष वेगळे आणि तिन्हींचा खर्चही वेगळा.

आधी घरी काय तपासायचं

सेल बदला. बहुतेक रिमोटमध्ये ३ व्होल्टचा बटण सेल असतो: सीआर २०३२, २०१६ किंवा १६२०. जुन्या सेलवर आकडा छापलेला असतो, तोच घ्या. २०३२ च्या जागी २०१६ बसल्यासारखा वाटतो, पण तो पातळ असल्याने नीट टेकत नाही. सेल बदलूनही चालत नसेल तर मॅन्युअल काढा. काही गाड्यांत सेल बदलल्यावर चावी ऑन करून लॉकचं बटण दाबावं लागतं, तेव्हा रिमोट आणि गाडीची पुन्हा जुळणी होते. याचं कारण असं की रिमोट दरवेळी नवा कोड पाठवतो. मुलांनी गाडीपासून लांब बसून बटण खूप वेळा दाबलं, तर रिमोट पुढे निघून जातो आणि गाडी मागे राहते.

मग दुसरी चावी असेल तर ती वापरून बघा. दोन्ही रिमोट एकाच वेळी बंद असतील तर दोष बहुधा गाडीत आहे: सेंट्रल लॉकचा फ्यूज, रिसीव्हर, दाराची मोटर. आपल्याकडे यात आणखी एक शक्यता लक्षात ठेवावी लागते. २०१९ आणि २०२१ मध्ये कृष्णेच्या पुराचं पाणी सांगलीत शिरलं तेव्हा अनेक गाड्या पाण्याखाली होत्या. अशी गाडी धुऊन-पुसून विकली गेली असेल, तर डॅशबोर्डखालच्या कंट्रोल युनिटच्या जोडण्यांवर हिरवट गंज धरलेला असतो. त्यावर नवे रिमोट घेत बसण्यात अर्थ नाही. आधी इलेक्ट्रिशियनकडून त्या जोडण्या उघडून पाहायला हव्यात.

बटणाचं रबर फाटलं असेल किंवा आतला बारीक स्विच निघाला असेल, तर चांगला मोबाईल दुरुस्तीवालासुद्धा तो स्विच पुन्हा झाळून देतो. कव्हर तुटलं असेल तर नुसतं कव्हर बदलता येतं, फोल्ड होणारं फ्लिप कव्हरही मिळतं. मात्र इथे एक काळजी अगदी मनापासून सांगतो. बऱ्याच चाव्यांत चिप सर्किटवर नसते. ती पेन्सिलीच्या शिशाच्या तुकड्याएवढी, काळी किंवा काचेची, जुन्या कव्हरच्या कोपऱ्यात चिकटवलेली असते. सर्किट आणि पातं नव्या कव्हरमध्ये टाकून जुनं कव्हर कचऱ्यात गेलं, की चिपही गेली. जुनं कव्हर नवी चावी लावून गाडी सुरू होईपर्यंत टाकू नका.

रिमोट कंपनीचा की बाहेरून बसवलेला?

अल्टो, वॅगन आर अशा गाड्यांच्या खालच्या मॉडेलमध्ये सेंट्रल लॉक नंतर बसवून घेतलेलं असतं, कधी शोरूममधूनच. ओळख सोपी आहे. रिमोट चावीपासून वेगळा, रिंगमध्ये लटकणारा असेल, मागे ऑटोकॉप किंवा निप्पॉनसारखं नाव असेल, बोनेटखाली सायरनचा डबा असेल, तर ती बाहेरची यंत्रणा. कंपनीच्या सर्व्हिस सेंटरचा स्कॅनर ती बघूच शकत नाही. रिमोटमागचा मॉडेल नंबर घेऊन कार ॲक्सेसरीजच्या दुकानात जा. नवा रिमोट शिकवायची पद्धत त्या किटच्या पत्रकात असते. ते मॉडेल बाजारातून गेलं असेल तर रिमोट शोधत फिरण्यापेक्षा पूर्ण किट बदललेलं परवडतं.

कागद गोळा करा

चावी करून देणारा कागद मागतो ते चांगलं लक्षण आहे. आरसी, आधार किंवा लायसन्स, आणि चेसिस नंबरचा स्पष्ट फोटो बरोबर ठेवा. चावी हरवली असेल तर पोलीस ठाण्यात गहाळ झाल्याची नोंद करून तिची प्रत घ्या. हा कागद पुढेही उपयोगी पडतो, कारण गाडी चोरीला गेल्यावर विमा कंपनी मूळ चाव्या मागते आणि एक कमी असली तर ती कुठे गेली असं विचारते. पॉलिसीत चावी बदलण्याचं ॲड-ऑन संरक्षण घेतलं आहे का तेही बघा. असेल तर खर्च करण्याआधी विमा कंपनीला कळवा.

जुनी गाडी घेतलेल्यांची अडचण इथेच येते. गाडी तुमच्या दारात, पण आरसी अजून आधीच्या मालकाच्या नावावर. कंपनीचं सर्व्हिस सेंटर आरसीवरच्या नावालाच चावी देणार, आणि ते बरोबरच आहे. फॉर्म २९ आणि ३० भरून नावावर करण्याचं काम राहिलं असेल तर ते आधी उरका, मग तुमची गाडी एमएच १० ची असो, ११ ची असो की कराडची ५०.

आधीच्या मालकाकडे आणखी एक गोष्ट मागा. नव्या गाडीच्या चाव्यांबरोबर कोरलेल्या नंबराचा छोटा धातूचा टॅग येतो, तो. त्या नंबरावरून पातं कंपनीच्या मूळ मापाने कापता येतं. झिजलेल्या पात्यावरून कापलेलं नवं पातं ती झीजही उतरवून घेतं.

कुठे जायचं

सर्व्हिस सेंटर चेसिस नंबरवरून चावी मागवतं. वेळ लागतो, पैसे जास्त पडतात, पण वस्तू जुळणारी येते. दुसरा मार्ग बाजारातल्या चावीवाल्याचा. साताऱ्याचा पोवई नाका असो की सांगलीचा मारुती चौक, आसपास विचारलं की चावीवाला सापडतो. पण पातं घासून देणं वेगळं आणि चिप प्रोग्रॅम करणं वेगळं. फोनवरच गाडीचं मॉडेल आणि साल सांगा आणि विचारा: चिप कॉपी करणार की गाडीत नवी नोंदवणार? रिमोटही शिकवणार का? जमलं नाही तर पैसे किती? पातं, चिप, रिमोट आणि प्रोग्रॅमिंग यांचा दर वेगवेगळा विचारून घ्या.

कॉपी आणि नोंदणी यांतला फरक माझ्या मते या सगळ्यात सर्वांत महत्त्वाचा आहे. कॉपी म्हणजे चालू चावीच्या चिपचाच क्रमांक दुसऱ्या चिपवर उतरवणं. ते स्वस्त आणि झटपट होतं, गाडीला हातही लावावा लागत नाही. गाडीला मात्र दोन्ही चाव्या एकच वाटतात. घरात एक जादा चावी हवी एवढीच गरज असेल तर चालेल. पण चावी हरवली असेल तर कॉपीवर भागवू नका. हरवलेली चावी गाडीच्या स्मृतीत तशीच जिवंत राहते. नोंदणीत स्टेअरिंगखालच्या १६ पिनांच्या ओबीडी सॉकेटला (स्कॅनर जोडायची जागा) मशीन जोडून नवी चिप शिकवतात आणि जुन्या नोंदी पुसता येतात. ह्युंदाईसारख्या काही गाड्यांत त्यासाठी सहा आकडी गुप्त क्रमांक, म्हणजे पिन, लागतो.

ऑनलाइन रिमोट मागवायचा असेल तर फ्रिक्वेन्सी बघा. आपल्याकडच्या गाड्यांचे रिमोट साधारणपणे ४३३ मेगाहर्ट्झवर चालतात. ३१५ चा रिमोट दिसायला हुबेहूब असला तरी उपयोगाचा नाही. भंगारातून काढलेली वापरलेली चावीही टाळा. अनेक चिपा एकदा एका गाडीला जोडल्या की कुलूपबंद होतात आणि दुसरी गाडी स्वीकारत नाहीत.

प्रोग्रॅमिंगच्या दिवशी

घरातल्या सगळ्या चाव्या घेऊन जा. अनेक गाड्यांत शिकवणी सुरू केली की जुन्या नोंदी पुसल्या जातात आणि प्रत्येक चावी पुन्हा ओळीने शिकवावी लागते. घरी राहिलेली चावी तशीच बाद होते.

गाडीची बॅटरी दमदार हवी. इग्निशन बराच वेळ ऑन राहतं आणि मध्येच व्होल्टेज पडलं तर कंट्रोल युनिटमधली माहिती बिघडू शकते. सेल्फ जड मारत असेल तर आधी बॅटरी चार्ज करून घ्या. काम चालू असताना दिवे, पंखा, स्टिरिओ बंद.

काही जुन्या गाड्यांत रिमोटचा भाग मशीनशिवायही शिकवता येतो: इग्निशन ठरावीक वेळा ऑन-ऑफ करायचं, बीप आली की रिमोटचं बटण दाबायचं. क्रम मॅन्युअलमध्ये दिलेला असेल तरच करा. दुसऱ्या मॉडेलच्या व्हिडिओवरून प्रयोग नको. आणि यातून फक्त दारं उघडायला शिकतात, इंजिनची चिप नाही.

एकही चावी उरली नसेल तर गाडी ओढून नेण्याआधी, मशीन घेऊन घरी येणारा कारागीर कराड, कोल्हापूर किंवा पुण्याहून मिळतो का ते विचारा. सगळ्या चाव्या हरवल्यावर काही गाड्यांचा इमोबिलायझर किंवा ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) काढून टेबलावर काम करावं लागतं, आणि खर्च एकदम वर जातो. म्हणून हातात एकच चावी असेल तर ती चालू आहे तोवरच दुसरी करून घ्या. पुढच्या महिन्यावर ढकलू नका.

पैसे देण्याआधी

प्रत्येक चावी वेगळी तपासा, आणि त्या वेळी दुसरी चावी रिंगमधून काढून लांब ठेवा. शेजारच्या चावीची चिप वाचली गेली तर नवी चावी चालते असा भास होतो. गाडी सुरू करून दोन-तीन मिनिटं चालवा. मग बंद करून लॉक करा, दहा मिनिटं थांबा आणि पुन्हा सुरू करा. सगळी दारं आणि डिकी रिमोटने उघडते का, पातं ड्रायव्हरच्या दारात सहज फिरतं का, तेही बघा.

शेवटी मशीनवर नोंदलेल्या चाव्यांची संख्या दाखवायला सांगा. बऱ्याच गाड्यांत ती दिसते. हातात दोन चाव्या आणि नोंदी तीन असतील तर तिसरी कुणाकडे तरी आहे. जुनी गाडी घेतलेल्यांनी हे आवर्जून बघावं आणि नको ती नोंद पुसून घ्यावी. नोंद पुसली तरी त्या चावीचं पातं दार उघडू शकतं. चावी पत्त्याच्या कागदासह किंवा ओळखीच्या ठिकाणी हरवली असेल तर कुलपंही बदलावीत.

पिन मिळाला असेल तर तो आणि टॅग गाडीत न ठेवता घरी आरसीच्या कागदांत ठेवा. बिलावर चेसिस नंबर आणि चावीच्या कामाचा उल्लेख करून घ्या. हरवलेली चावी पुढे कधी सापडली तर फेकू नका. पुसलेली मूळ चावी त्याच गाडीला बहुतेक वेळा पुन्हा शिकवता येते.