उसाच्या रसातला आरएस रोज वेगळा येतोय? या चुका टाळा

आरएसचा (रिड्यूसिंग शुगर, म्हणजे ग्लुकोज-फ्रुक्टोजसारखी क्षपणकारी साखर) आकडा उड्या मारू लागला की साखर कारखान्याच्या लॅबमध्ये पहिला संशय फेहलिंगवर, म्हणजे ही साखर मोजायच्या तांब्याच्या द्रावणावर घेतला जातो. पण पुष्कळदा चूक त्याआधीच, नमुन्याच्या बाटलीत झालेली असते.

हिशेब करून बघा. 100 ग्रॅम रसात 16 ग्रॅम सुक्रोज आणि 0.6 ग्रॅम आरएस आहे. बाटली उकाड्यात तशीच राहिली आणि सुक्रोजपैकी जेमतेम एक टक्का फुटलं, तर साधारण 0.17 ग्रॅम इन्व्हर्ट शुगर (ग्लुकोज आणि फ्रुक्टोजचं मिश्रण, आरएसमध्येच मोजलं जाणारं) नव्याने तयार होते. आरएस थेट 0.77! तेवढ्याच बिघाडाने पोलचा (पोलारीमीटरवर मोजलेलं सुक्रोज) आकडा मात्र किंचित हलतो, कुणाच्या लक्षातही येत नाही. म्हणून नमुना आणल्या आणल्या तपासणीला लावा. जमत नसेल तर बर्फात ठेवा.

पोलसाठी गाळलेला रस उरलाय म्हणून तोच आरएसला वापरणं ही हमखास सापडणारी पळवाट. पोलसाठी रस नितळ करायला घातलेल्या बेसिक लेडच्या (शिशाचा क्षार) गाळासोबत थोडी क्षपणकारी साखरही खाली जाते, आणि रसात उरलेलं शिसं टायट्रेशन बिघडवतं. आरएससाठी वेगळा रस घ्या, न्यूट्रल लेड अॅसिटेट बेताने वापरा आणि जादा शिसं ऑक्झलेटने काढा. क्लिअर ज्यूसमधला (चुना घालून साफ केलेला रस) चुन्याचा कॅल्शियमही त्यातच निघून जातो.

आता ब्युरेट. लेन-आयनॉन पद्धतीत उकळत्या फेहलिंगमध्ये ब्युरेटने रस सोडतात, आणि तिथे वेळेला फार महत्त्व आहे: दोन मिनिटं उकळी, मग मेथिलीन ब्लू, आणि पुढच्या मिनिटभरात निळा रंग जाऊन शेवट. उकळी मोडली की हवा आत शिरते, निळा रंग परततो आणि माणूस रस ओततच राहतो. रीडिंग वाढतं, आरएस कमी दिसतो. फ्लास्क बर्नरवरून उचलून रंग बघायची सवय सोडा.

फेहलिंग ए आणि बी आयत्या वेळीच मिसळा. 10 मिलि मिश्रणाला साधारण 50 मिलिग्रॅम इन्व्हर्ट लागते. रीडिंग 15 ते 50 मिलिमध्ये बसेल इतपतच रस पातळ करा. फेहलिंगचा फॅक्टर (त्याच्या खऱ्या ताकदीचा गुणक) नव्या बाटलीला नव्याने काढायचा, हे सांगायला नको.

एवढं करून दोन्ही रीडिंग जुळतात आणि तरी मिक्स ज्यूसचा (सगळ्या मिलचा एकत्र रस) आरएस प्रायमरीपेक्षा (पहिल्या मिलचा रस) चढाच दिसतो? मग दोन्ही आकडे 100 ब्रिक्सवर (रसात विरघळलेल्या घन पदार्थांच्या 100 भागांवर) काढून ताडून बघा. फरक तिथेही राहिला, तर लॅब सोडा आणि मिलखालची रसाची पन्हाळं, टाक्या नीट धुतल्या जातात का ते पाहा.