अजिंठा, वेरूळ आणि लोणार : या चुका टाळा

सगळ्यात जास्त लोक चुकतात ते वाराच्या हिशेबात. अजिंठा सोमवारी बंद असतो आणि वेरूळ मंगळवारी. रविवारी वेरूळ आणि सोमवारी अजिंठा असा बेत आखला की दुसरा दिवस वाया गेलाच. हाच बेत सोमवारी वेरूळ आणि मंगळवारी अजिंठा असा फिरवला तर दोन्ही दिवस कामी येतात आणि शनिवार-रविवारची गर्दीही टळते. छत्रपती संभाजीनगरहून अजिंठा साधारण १०० किलोमीटर, वेरूळ ३०. दोन्ही एकाच दिवसात उरकायचा प्रयत्न करू नका, त्यात एकही धड पाहून होत नाही. रेल्वेने येणाऱ्यांना अजिंठ्यासाठी जळगाव जास्त जवळ, सुमारे ६० किलोमीटर.

अजिंठ्याला स्वतःची गाडी थेट लेण्यांपर्यंत जात नाही. फर्दापूरच्या फाट्यावर ती लावायची आणि पुढचे ४ किलोमीटर एसटीच्या बसने जायचे. बसचे तिकीट वेगळे आणि लेण्यांचे वेगळे, तेव्हा सुटे पैसे जवळ ठेवा. परतीच्या शेवटच्या बसची वेळ उतरतानाच विचारून घ्या. १५ वर्षांखालील मुलांना लेण्यांचे तिकीट लागत नाही. परदेशातून आलेल्या ओसीआय कार्डधारकांना (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारे कार्ड) २०२१पासून भारतीयांच्याच दराने प्रवेश आहे, पण कार्ड बरोबर हवे. ते घरी राहिले आणि हातात नुसता परदेशी पासपोर्ट असला, तर खिडकीवर हुज्जत घालून उपयोग नाही.

आता चित्रांबद्दल, कारण खरे नुकसान इथेच होते. अजिंठ्याची चित्रे दगडावर रंगवलेली नाहीत. कातळावर माती, भाताचे तूस, गवत आणि बारीक खडी यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ हात आणि तो वाळल्यावर डिंक-सरसासारख्या चिकट द्रव्यात कालवलेले रंग, अशी ती बनली आहेत. ओल्या चुन्यात रंग मुरतो तसा तो इथे मुरलेला नाही, वर नुसता बसला आहे. बोट टेकले की बोटाचे तेल आणि घाम त्यावर राहतो. गिलाव्यातले तूस कीड खाते, आतून पोकळी होते आणि मग हलक्या धक्क्यानेही पोपडा सुटतो.

हा धक्का बहुतेक वेळा हाताचा नसतोच, तो पाठीवरच्या सॅकचा असतो. माणूस छताकडे बघत मागे सरकतो आणि सॅकची चेन भिंतीवर घासते. मागे काय झाले हे त्याच्या लक्षातही येत नाही. आत शिरण्याआधी सॅक पोटावर घ्या. फोटो हलू नये म्हणून खांबाला टेकतात, तेही नको, कारण अनेक खांबांवरही चित्रे आहेत. फ्लॅश बंद म्हणजे पूर्ण बंद. ‘ऑटो’वर ठेवला तर अंधार दिसताच तो आपोआप उडतो. मोबाइलचा टॉर्चही चित्रावर मारू नका. तिपाईला आणि ड्रोनला परवानगी लागते.

“आत काही दिसलेच नाही” ही तक्रार १ नंबरच्या लेण्यातून बाहेर येणारे हमखास करतात. कारण साधे आहे. भर उन्हातून आत आल्यावर डोळ्यांना सरावायला वेळ लागतो, आणि गर्दीच्या दिवशी आतला वेळ मोजूनच मिळतो. आत जाण्याआधी ओसरीच्या सावलीत पाच-सात मिनिटे थांबा, त्या वेळात मोबाइलच्या पडद्याकडे बघू नका. मग आतला पद्मपाणी, म्हणजे हातात कमळ घेतलेला बोधिसत्त्व, पुष्कळ स्पष्ट दिसतो. लहानशी दुर्बीण असेल तर छतावरची नक्षीही उलगडते.

क्रमही बिघडतो. सकाळी ९च्या सुमारास पहिल्या बसने पोचलात तर १ आणि २ आधी पाहा. अकराच्या पुढे पोचलात तर तिथे रांग असते. अशा वेळी सरळ पुढे जा, १७, १६, १९ आणि २६ पाहा आणि १ परतताना घ्या. २६मधला सुमारे ७ मीटर लांबीचा, अखेरच्या क्षणी पहुडलेला महापरिनिर्वाण बुद्ध थकून परत फिरणाऱ्यांच्या हातून हटकून राहतो. पायऱ्या न झेपणाऱ्यांसाठी डोलीवाले असतात, भाव खालीच ठरवा.

१० नंबरच्या लेण्यात जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने २८ एप्रिल १८१९ रोजी कोरलेले नाव आहे, ते डोक्याच्या बरेच वर. लेण्यात तेव्हा साचलेल्या ढिगाऱ्यावर तो उभा होता. दोनशे वर्षे उलटली, पण ओरखडा मिटलेला नाही. आज संरक्षित स्मारकावर नाव कोरले तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

मधमाश्यांना हलके घेऊ नका. कड्यांवर आग्या मोहोळाची पोळी असतात. तीव्र वासाचे अत्तर लावू नका, आसपास धूर करू नका, दगड मारू नका. माश्या उठल्याच तर हात झाडू नका. ओढणी किंवा शर्टाने तोंड झाकून झटपट लांब जा. नांगी दिसली की लगेच खरवडून काढा. श्वास लागला किंवा ओठ-घसा सुजू लागला तर थेट दवाखाना गाठा.

वेरूळला सगळे आधी १६ नंबरच्या कैलासात शिरतात आणि तिथेच दमतात. ३० ते ३४ ही जैन लेणी उत्तरेला लांब आहेत, त्यांच्यासाठी दीड-दोन तास राखून ठेवा. लेणी पश्चिमाभिमुख आहेत, म्हणून १० नंबरच्या सुतार लेण्यासारखी खोल लेणी दुपारनंतर जास्त उजळतात. कैलास सकाळीच पाहा. तो वरून खाली कोरत आणला आहे हे डोंगरावरून पाहिल्याशिवाय नीट कळत नाही, पण पावसाळ्यात त्या कड्यावर शेवाळ असते आणि सेल्फीसाठी काठाशी गेलेला पाय सहज घसरतो.

लोणार म्हणजे नुसते ‘तळे’ समजून पोहायला उतरणारे आजही दिसतात. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे हे उल्कापाती विवर अभयारण्य आहे आणि २०२०पासून रामसर स्थळही, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. पाणी खारे आणि अल्कधर्मी आहे, त्यातले सूक्ष्मजीव त्याच क्षारतेवर जगतात. जून २०२०मध्ये पाणी गुलाबी झाले तेही अशाच मीठप्रिय जीवांमुळे. साबण, शाम्पू, निर्माल्य यांतले काहीही त्यात जाऊ देऊ नका, काठच्या गोड्या झऱ्यांतही नाही, कारण ते पाणी शेवटी सरोवरातच उतरते. खाली जाताना माणशी दोन लिटर पाणी घ्या, चढून येताना ते लागतेच. रिकाम्या बाटल्या वर घेऊन या.