अक्कलदाढ काढायच्या आधी पुरणयंत्र काढा

दाढेची तारीख ठरली की आदल्या दिवशी माळ्यावरून पुरणयंत्र खाली काढायचं, घासून ओट्यावर ठेवायचं. मिक्सर सगळ्यांना आठवतो, मलाही आठवला होता. पुरणयंत्र नाही आठवलं, आणि पाचव्या दिवशी वरणातली एक मोहरी खालच्या दाढेच्या खड्ड्यात जाऊन बसली. दोन दिवस कानापर्यंत ठणका. डॉक्टरांनी पिचकारीनं सलाइन मारून खड्डा धुतला तेव्हा ती गॉजवर आली, काळी, फुगलेली, आख्खी. मिक्सरच्या पात्यातून मोहरी तशीच सुटते. म्हणून गाळायचं.

स्वयंपाक आदल्या दिवशीच उरकून ठेवा. सूज दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त असते, तेव्हा ओट्यापाशी उभं राहवत नाही. मुगाची डाळ गरगटी शिजवून, गाळून, लहान डब्यांत फ्रीजमध्ये. तूप, हिंग, हळद बास. मोहरी नको, जिरंही नको. दुधी, लाल भोपळा वाफवून गाळून ठेवा. नुसत्या पेजेवर राहू नका, जखम भरायला प्रथिनं लागतात: एका अंड्यात साधारण 6 ग्रॅम, 100 ग्रॅम पनीरमध्ये 18च्या आसपास. पनीर दुधात घोटून घ्या. नाचणीची आंबील उत्तम, पण तीही गाळून. कोंडा खड्ड्यात अडकतो. दूध-दही घरात असतंच.

लहान बाळाचा चमचा आणा. जबडा आखडतो, जेवणाचा चमचा तोंडात शिरत नाही.

नुसती जागेवरची भूल असेल तर डॉक्टरांना विचारून पोटभर जेवून जा. पूर्ण भूल असेल तर ते सांगतील तितका वेळ उपाशी. मधुमेह किंवा रक्त पातळ करायची गोळी असेल तर आधीच सांगा, मनानं काही बंद करू नका.

घरी आल्यावर भूल उतरेपर्यंत खायचं नाही, गाल-जीभ चावली जाते आणि कळत नाही. मग गार, मऊ काहीतरी: दूध, साधं आइस्क्रीम (काजू-पिस्ते नकोत). गोळी त्यानंतरच, रिकाम्या पोटी नाही. शहाळं आणलंत तर पेल्यात ओतून प्या. नळी लावायची नाही, म्हणजे नाहीच. ओढून प्यायलं की खड्ड्यातली रक्ताची गुठळी निघते, हाड उघडं पडतं, आणि त्या ड्राय सॉकेटची कळ गोळीलाही दबत नाही. पहिले 24 तास चूळ भरू नका, थुंकू नका. सिगारेट, तंबाखू, मशेरी बंद.

दुसऱ्या दिवसापासून कोमट चालतं: पेज, वरण, कुस्करलेलं केळं, मोहरीची फोडणी न दिलेला दहीभात. जेवणानंतर कोमट मिठाचं पाणी तोंडात धरायचं, हळूच सोडून द्यायचं.

खरी चूक चौथ्या-पाचव्या दिवशी होते. सूज उतरलेली असते, भूक लागलेली असते, घरात सगळ्यांसाठी केलेलं वरण समोर येतं. माझं तेव्हाच चुकलं. ‘फोडणी बाजूला काढून दिलीय’ असं कुणी म्हणालं तरी गाळा. आई म्हणाली तरी गाळा. टोमॅटोचं सार गाळा, बिया असतात. खसखस, तीळ, दाण्याचं कूट घातलेलं काही नकोच.

मग मऊ खिचडी, गाळलेल्या आमटीत भिजवलेली पोळी. टाके साधारण आठवड्यानं काढतात. भाकरी, चिवडा, पेरू त्यानंतरही काही दिवस लांबच. ताप आला किंवा ठणका वाढला तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे. खड्डा भरायला काही आठवडे लागतात, तोवर पुरणयंत्र ओट्यावरच राहू द्या.