विश्रांतीनंतर परतलेल्या घोड्यावर पैसे लावताना या चुका टाळा

सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या यात्रेत तयार झालेली घोडा पारखायची नजर खान्देशात गावोगावी सापडते. तीच नजर घेऊन महालक्ष्मीच्या किंवा पुण्याच्या रेसकोर्सवर गेलं, की मोठ्या खंडानंतर उतरलेल्या घोड्याबाबत हमखास फसगत होते. यात्रेत भरलेलं अंग, उंच मान आणि नाचरी चाल यांना भाव मिळतो. सुट्टीवरून आलेल्या रेसच्या घोड्याचं पोट गोल दिसलं, तर त्याची मेहनत अपुरी झाली आहे असं समजा. पॅडॉकमध्ये, म्हणजे शर्यतीआधी घोडे फिरवून दाखवतात त्या रिंगणात, मागच्या बरगड्या पुसट दिसतात का आणि पुठ्ठा घट्ट आहे का, ते पाहा. मांड्यांच्या मध्ये पांढरा फेस आणि वर नाचणं असेल, तर शर्यतीआधीच दम खर्च होतो आहे.

नुसते दिवस मोजू नका, खंड का पडला ते शोधा. मुंबई आणि पुणे या दोन हंगामांमधल्या काळात बरेच घोडे उभेच असतात, त्या खंडाला फारसा अर्थ नाही. ऐन हंगामात घोडा तीन महिने दिसला नाही, तर मात्र दुखापतीची शंका घ्यावी. पुढच्या पायाची कंडरा (टेंडन) दुखावली तर बरी व्हायला अनेक महिने जातात आणि ती पुन्हा उलटू शकते. खच्ची करून परतलेला घोडा उलट कधी कधी शांत होऊन सुधारलेला असतो.

सगळ्यात जास्त पैसे बुडतात ते सकाळच्या सरावाच्या नोंदी वाचताना. ‘६०० मीटर ३८ सेकंद’ एवढं दिसलं की लोक धावतात. एका जलद वेळेवरून दम कळत नाही. सलग चार-सहा आठवड्यांचा चढता क्रम बघा: आधी हलकी दौड, मग ६००, ८००, १००० मीटर, आणि शेवटी शक्यतो एक मॉक रेस, म्हणजे सरावाची लुटुपुटीची शर्यत. वेळ सहज दिली की घोडा ढकलावा लागला, पाठीवर जॉकी होता की सराव देणारा हलका रायडिंग बॉय, हेही त्याच ओळीत वाचायचं. १६०० मीटरच्या शर्यतीसाठी सगळा सराव ६०० चाच असेल, तर तो घोडा सोडून द्या.

२००० मीटरवर जिंकणारा घोडा ११०० मीटरवर परतला, तर ट्रेनर बहुधा त्याला जिंकण्यासाठी नाही, तर अंग मोकळं करायला नुसता पळवून आणतो आहे. ती शर्यत पाहा, शेवटच्या २०० मीटरमध्ये तो कसा येतो ते टिपा आणि लायक अंतराची वाट बघा. पहिल्याच शर्यतीत जिवाच्या आकांताने धावलेला घोडा दोन आठवड्यांत परत उतरला, तर तो अनेकदा मलूल पडतो. तेव्हा हात आवरा.

कमी भावाच्या फेव्हरिटवर, म्हणजे ज्याच्यावर सगळ्यात जास्त पैसे लागलेत त्या घोड्यावर, तर अशा वेळी लावूच नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर ४० टक्के जीएसटी आहे, त्यामुळे जिंकूनही हाती फारसं उरत नाही. आणि गावातल्या फोनवरच्या बुकीकडे लावणं हा गुन्हा आहे. लावायचंच असेल तर रेसकोर्सवरच्या टोटवर (क्लबच्या अधिकृत खिडकीवर) किंवा परवानाधारक बुकीकडेच, आणि घरून ठरवून आणलेल्या रकमेपुरतंच.