क्रॅक, टोरंट आणि एपीके : मालवेअरला दार उघडून देणाऱ्या या चुका टाळा

क्रॅक केलेल्या, म्हणजे लायसन्सचं कुलूप तोडून फुकट वाटलेल्या सॉफ्टवेअरच्या झिपमध्ये एक छोटी टेक्स्ट फाइल असते आणि तिच्यातली पहिली सूचना बहुतेक वेळा एकच असते : आधी अँटिव्हायरस बंद करा, मग सेटअप चालवा. कारणही दिलेलं असतं, की अँटिव्हायरस क्रॅकला उगाचच व्हायरस समजतो. ही सूचना अर्धी खरी आहे, म्हणूनच लोक फसतात. लायसन्सची तपासणी मोडणारा प्रोग्रॅम दुसऱ्या प्रोग्रॅममध्ये ढवळाढवळ करतो, त्यामुळे अँटिव्हायरस त्याच्यावर बोट ठेवतोच. पण त्याच फाइलमध्ये पासवर्ड चोरणारा कोड दडलेला असेल, तरी इशारा जवळपास तसाच येतो. पडद्यावर दोन्हींत फरक दिसत नाही. एकदा अँटिव्हायरस बंद केला की ओळखायचा उरलासुरला मार्गही गेला.

माझ्या मते सगळ्यांत महागात पडणारी चूक हीच. अख्खं डाउनलोड फोल्डर तपासणीतून वगळणं तर त्याहून वाईट, कारण बंद केलेला अँटिव्हायरस निदान पुन्हा सुरू होतो. वगळलेलं फोल्डर वर्षानुवर्षं तसंच राहतं. झिपला पासवर्ड असेल आणि तो शेजारीच लिहून दिलेला असेल, तर तिथेच थांबा. गुपित राखायला हा पासवर्ड नसतो. स्कॅनरला झिपच्या आत डोकावता येऊ नये म्हणून असतो.

आपल्याकडे डीटीपीची दुकानं, लहान फोटो स्टुडिओ आणि कॉलेजच्या मुलांचे लॅपटॉप या वाटेने सापडतात. महागडं डिझाइनचं सॉफ्टवेअर परवडत नाही, काम तर उद्या द्यायचं असतं. ही अडचण खरी आहे आणि ती मला समजते. पण ‘स्टॉप’ किंवा ‘डीजेव्हीयू’ या नावाने ओळखला जाणारा रॅन्समवेअर, म्हणजे फाइली लॉक करून खंडणी मागणारा प्रोग्रॅम, नेमका अशाच माणसांवर जगतो. मोठ्या कंपन्यांच्या मागे लागण्यापेक्षा तो क्रॅक आणि की-जनरेटर (खोटी लायसन्स की बनवणारे प्रोग्रॅम) यांमधून घरगुती संगणकांत शिरतो. त्याच्या अनेक आवृत्त्या फाइल लॉक करताना विंडोज अपडेटची खोटी खिडकी दाखवतात, म्हणजे संगणक मंदावला तरी शंका येत नाही. सुरक्षाविषयक साइट उघडू नयेत म्हणून ‘होस्ट्स’ ही साइटचे पत्ते ठरवणारी फाइलही बदलतात. मग खंडणीची चिठ्ठी येते. बरीच वर्षं तिच्यातला भाव होता ९८० डॉलर, ७२ तासांत संपर्क केला तर ४९०. अनेकदा सोबत पासवर्ड चोरणारा वेगळा प्रोग्रॅमही आलेला असतो, आणि फाइलींच्या आकांतात त्याच्याकडे कोणाचं लक्षच जात नाही.

“इतके लोक सीड करतायत, म्हणजे फाइल चांगली असणार,” हा दुसरा गैरसमज. टोरंटमध्ये लोक एकमेकांकडून फाइलचे तुकडे घेतात, आणि आपल्याकडची फाइल इतरांना देत राहणं म्हणजे सीड करणं. टोरंट प्रत्येक तुकड्याचा हॅश, म्हणजे त्याच्यावरून काढलेला ठसा, तपासतो हे खरं, पण त्यातून एवढंच सिद्ध होतं की अपलोड करणाऱ्याने जे ठेवलं तेच तुमच्यापर्यंत पोचलं. त्याने विष ठेवलं असेल तर विषही जसंच्या तसं येतं. सीडची संख्या आणि खालच्या कौतुकाच्या प्रतिक्रिया बनावट असू शकतात. आणि ज्यांच्या संगणकात चोर शिरला आहे, त्यांनाही बऱ्याचदा ते कळलेलं नसतं.

मॅक वापरणाऱ्यांनीही निश्चिंत राहू नये. मार्च २०१६मध्ये ‘ट्रान्समिशन’ या टोरंट प्रोग्रॅमच्या अधिकृत साइटवरच्या २.९० आवृत्तीत ‘कीरेंजर’ नावाचा रॅन्समवेअर घुसवला गेला. त्या फाइलवर ॲपलने दिलेलं वैध डेव्हलपर प्रमाणपत्रही होतं, फक्त ते वेगळ्याच डेव्हलपरचं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये त्याच साइटवरच्या फाइलमध्ये पुन्हा एक घातक प्रोग्रॅम घुसवला गेला. कीरेंजर बसल्यावर तीन दिवस गप्प राहायचा आणि मग फाइल लॉक करायचा. ‘कालच चालवून पाहिलं, काही झालं नाही’ याला म्हणूनच अर्थ नाही.

फाइलच्या नावाकडे नीट न पाहणं ही चूक साधी, पण रोजची. विंडोज ओळखीची एक्स्टेन्शन, म्हणजे फाइलचा प्रकार सांगणारी नावाची शेपटं, लपवतं. त्यामुळे ‘सिनेमा.एमपी४.ईएक्सई’ ही फाइल ‘सिनेमा.एमपी४’ अशी दिसते, आणि व्हिडिओचं चित्र लावलं की फसवणूक पूर्ण होते. विंडोज ११मध्ये फाइल एक्सप्लोररच्या ‘व्ह्यू’मध्ये ‘शो’, आणि तिथे ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ सुरू करा. एक मिनिटाचं काम आहे, आजच करा. गाणं, सिनेमा किंवा पुस्तक म्हणून आलेली फाइल ईएक्सई, एससीआर किंवा एलएनके, म्हणजे उघडताच प्रोग्रॅम चालवणारी, निघाली तर उघडू नका. सिनेमा दिसण्यासाठी ‘हा कोडेक टाका’ असं कोणी सांगितलं, तर तो व्हिडिओ उलगडणारा प्रोग्रॅमही टाकू नका; व्हीएलसीसारख्या मोफत प्लेअरमध्ये नेहमीच्या फाइली सहज चालतात.

फोनवर हाच खेळ एपीकेचा, म्हणजे अँड्रॉइड ॲप टाकणाऱ्या फाइलचा. व्हॉट्सॲपवर लग्नपत्रिका किंवा गाडीचं चलान म्हणून फाइल येते, तीही ओळखीच्या नंबरवरून, कारण त्या ओळखीच्या माणसाचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात गेलेला असतो. पत्रिकेला एसएमएस वाचण्याची परवानगी कशाला हवी? ती दिली की बँकेचे ओटीपी चोरांच्या हातात.

आता, चूक होऊन गेली असेल तर. इथे घाईत आणखी चुका होतात.

पहिल्यांदा वायफाय बंद करा किंवा केबल काढा. त्याच संगणकावरून पासवर्ड बदलू नका, नवा पासवर्डही चोराकडे जाईल. दुसऱ्या स्वच्छ उपकरणावरून बदला. सुरुवात ईमेलपासून, कारण बाकी सगळ्यांचे पासवर्ड तिथूनच रीसेट होतात. त्यानंतर प्रत्येक खात्यात ‘सगळ्या डिव्हाइसवरून साइन आउट’ करा. ही पायरी बरेच जण गाळतात. चोर ब्राउझरमधल्या कुकीज, म्हणजे लॉगिन लक्षात ठेवणाऱ्या खुणाही नेतो आणि त्या जोरावर पासवर्ड किंवा ओटीपी न विचारता आत जातो. पैसे गेले असतील तर वेळ न घालवता १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा आणि बँकेला कळवा.

फाइली लॉक झाल्या असतील तर त्या पुसू नका आणि चिठ्ठीही ठेवा. तिच्यातला आयडी ‘टी१’ने संपत असेल तर डीजेव्हीयूने ऑफलाइन, म्हणजे त्या आवृत्तीत अनेकांसाठी एकच असलेली किल्ली वापरलेली असते, आणि त्या आवृत्तीची किल्ली संशोधकांच्या हाती लागली असेल तर फाइली परत मिळू शकतात. ‘नो मोर रॅन्सम’ या उपक्रमाच्या साइटवर मोफत साधनं आहेत. यूट्यूबखालच्या लिंकवरून ‘डिक्रिप्टर’, म्हणजे फाइली उघडून देणारा प्रोग्रॅम, घेऊ नका : २०२०मध्ये डीजेव्हीयूचा डिक्रिप्टर म्हणून पसरलेला ‘झोराब’ स्वतःच रॅन्समवेअर होता, लॉक झालेल्या फाइली त्याने पुन्हा लॉक केल्या. डीजेव्हीयू मोठ्या फाइलचा फक्त सुरुवातीचा सुमारे १५० केबी भाग लॉक करतो, त्यामुळे काही व्हिडिओ आणि झिपमधला बराच ऐवज जाणकार माणूस वाचवू शकतो.

नुसतं स्कॅन करून समाधान मानू नका. लॉक झालेल्या फाइली आणि चिठ्ठी आधी वेगळ्या रिकाम्या डिस्कवर काढून ठेवा, मग डिस्क पुसून विंडोज नव्याने टाका, आणि तोपर्यंत बॅकअपची हार्ड डिस्क त्या संगणकाला लावू नका. बॅकअपमधून फोटो, कागदपत्रं, डिझाइनच्या फाइली परत घ्या. जुने सेटअप मात्र घेऊ नका, कारण ज्या क्रॅकने घात केला तो बहुधा त्यांतच पडलेला असतो. त्याच्या जागी इंकस्केप (चित्रं आणि डिझाइनसाठी), स्क्रायबस (पानं मांडण्यासाठी), लिबरऑफिस (कागदपत्रांसाठी) हे मोफत प्रोग्रॅम त्यांच्या अधिकृत साइटवरून घ्या. मराठी मजकुरासाठी मुंबईच्या ‘एक टाइप’ या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचा ‘मुक्त’ हा युनिकोड फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर मोफत मिळतो आणि छपाईतही चांगला दिसतो.